परसांतील कोंबड्यांचें खाद्यपात्र

कोंबड्या पाळावयाचें घरांत ठरलें म्हणजे पहिली चर्चा होते ती जातीची. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेनें तयार केलेली वनराजा घ्यावी, बंगळूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयांत तयार झालेली गिरिराजा घ्यावी, कीं आपली गांवठीच बरी, यावर दोन-चार दिवस वाद रंगतो. त्यानंतरची चर्चा खुराड्याची. तें कोठें बांधावें, त्याला जाळी किती बारीक लावावी, मांजर व मुंगूस यांचा बंदोबस्त कसा करावा, याचा बारकाईनें विचार होतो. परंतु कोंबडी जेवणार कशांतून, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीतच नाहीं. एखादी चेपलेली परात, जुनें घमेलें किंवा नुसती जमीन हेंच तिचें ताट ठरतें. आणि खाद्याच्या पोत्यानें महिना पुरा होण्यापूर्वींच तळ गाठला म्हणजे दोष कोंबडीच्या खादाडपणाला दिला जातो. वस्तुतः कोंबडी खादाड नसते. तिचें ताट सदोष असतें.

२०१९ सालच्या पशुगणनेंत देशांतील कोंबड्या व इतर पाळीव पक्षी सुमारें ८५ कोटी भरले. त्यांपैकीं ३१ कोटी ७० लाख परसांतले होते, आणि २०१२ च्या गणनेपेक्षां परसांतल्या पक्ष्यांचा हा आंकडा सुमारें ४६ टक्क्यांनीं वाढलेला होता. यांतील बहुतेक पक्षी खेड्यांतले असणार हें उघड आहे. आणि खेड्यांतील कोंबडीचा प्रश्न शहरांतील कोंबडीहून अगदीं निराळा असतो. यवतमाळ जिल्ह्यांत केळापूर किंवा झरी-जामणी भागांतील कोलाम व गोंड कुटुंबांच्या कोंबड्या सकाळीं मोकळ्या सुटतात. उकिरडा उकरावा, वाळवी व किडे टिपावे, खळ्यावर सांडलेली ज्वारी वेंचावी, गवताचें बीं खावें आणि दिवस मावळतांना घरीं परतावें, असा त्यांचा नित्यक्रम. मालकिणीनें संध्याकाळीं मूठभर दाणे टाकावयाचे ते पोट भरण्यासाठीं नव्हे, तर घराची ओढ राहावी म्हणून. अशा कोंबडीला खाद्यपात्राची गरज नाहीं. सारें शिवार हेंच तिचें ताट.

यवतमाळ, पुसद किंवा वणी यांसारख्या शहरांत घरामागें दहा-बारा हात जागा असते. तेथें सोडलेल्या आठ कोंबड्या आठ दिवसांत ती जागा तुळतुळीत करून टाकतात. पुढें जमिनींतून त्यांना फारसें कांहीं मिळत नाहीं व सर्व खाद्य विकत आणून द्यावें लागतें. कुक्कुटपालनाच्या एकूण खर्चांत साठ ते सत्तर टक्के वांटा एकट्या खाद्याचा असतो. अर्थात् अंडें स्वस्त पडणार कीं महाग, हें खुराड्याच्या रंगावरून ठरत नाहीं. तें दाणा कोंबडीच्या पोटांत जातो कीं मातींत, यावरून ठरतें.

दाणा मातींत जातो याचें कारण कोंबडीच्या स्वभावांत आहे. तिचे पूर्वज आग्नेय आशियाच्या रानांत पालापाचोळा पायांनीं उकरून पोट भरणारे पक्षी होते. पिंजऱ्यांत जन्मलेली कोंबडीहि खाद्य समोर दिसतांच पाय मागें ओढते आणि नखांनीं ढीग उधळते. दुसरी खोड चोंचीची. कोंबडी सर्व कण सरसकट खात नाहीं. मोठा व चमकणारा कण शोधण्यासाठीं ती चोंच आडवी फिरविते आणि बारीक पीठ काठाबाहेर उडवून देते. तिसरी खोड अशी कीं, बसण्याजोगा काठ दिसला म्हणजे ती त्यावर चढून बसते आणि खाली विष्ठा टाकते. विष्ठा पडलेलें खाद्य वायां जातेंच, शिवाय रक्ती हगवणीसारख्या रोगांचा प्रसारहि त्यांतूनच होतो. या तिन्ही गोष्टी शिक्षेनें सुधारणाऱ्या नाहींत. त्या ध्यानांत घेऊन पात्र घडविणें हाच उपाय.

कुक्कुटपालनाच्या पुस्तकांत एक जुना ठोकताळा आढळतो. काठोकाठ भरलेल्या उघड्या पन्हळींतून सुमारें ३० टक्के खाद्य वायां जातें. ती दोन-तृतीयांश भरली तर १० टक्के, अर्धी भरली तर ३ टक्के, आणि एक-तृतीयांशच भरली तर जेमतेम १ टक्का. आतां आठ कोंबड्यांचा हिशेब मांडून पाहावा. अंडीं देणारी एक कोंबडी दिवसास सरासरी ११० ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे आठ कोंबड्यांस सुमारें ९०० ग्रॅम लागतें. त्याचा पांचवा हिस्सा जरी सांडला तरी रोज १८० ग्रॅम, म्हणजे वर्षास ६५ किलोंवर खाद्य मातींत मिसळलें. तेवढ्यांत आणखी दीड कोंबडी वर्षभर पोसली गेली असती! साध्या पात्राची किंमत यापुढें नगण्य होय.

तेव्हां चांगल्या पात्राच्या अटी चार. खाद्य थोडथोडें खाली उतरावें. पाय घालतां येऊं नये. वर बसतां येऊं नये. आणि पाऊस, उंदीर व रानपाखरें यांपासून तें सुरक्षित असावें. या चारहि अटी घरच्या घरीं, टाकाऊ वस्तूंतून पुऱ्या करतां येतात. परंतु कपाशीच्या या जिल्ह्यांत त्यांच्याहि आधीं एक पांचवी अट घातली पाहिजे, आणि ती म्हणजे ज्या डब्याचें पात्र करावयाचें त्याचा पूर्वेतिहास स्वच्छ असावा.

ही अट नुसती सावधगिरीची नव्हे. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना शेंकडों शेतकऱ्यांना व मजुरांना विषबाधा झाली आणि त्यांतील अनेकजण प्राणास मुकले. त्या औषधांचे रिकामे डबे दिसावयास देखणे असतात. प्लॅस्टिक जाड, झांकण घट्ट, मूठ मजबूत. आणि भंगारांत ते कवडीमोलानें मिळतात. काटकसरी गृहस्थाला मोह पडावा असेंच त्यांचें रूप! परंतु प्लॅस्टिकच्या अंगांत मुरलेलें औषध दोन-तीन वेळां धुतल्यानें निघून जाईल याची शाश्वती नसते. चरबींत विरघळणारीं विषें कोंबडीच्या शरीरांतून अंड्याच्या बलकांत उतरतात आणि तो बलक घरांतील लहान मूल मिटक्या मारीत खातें. १९७१ सालच्या कीटकनाशक नियमांतहि असे रिकामे डबे कोणी पुन्हां वापरूं नयेत म्हणून ते उघड्यावर न टाकतां फोडून वस्तीपासून दूर पुरावेत, अशी तरतूद आहे. या डब्यांवर कोनावर उभा केलेला एक चौकोन छापलेला असतो व त्याचा खालचा अर्धा भाग लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो. लाल सर्वांत जहाल आणि हिरवा सर्वांत सौम्य. पण सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे. यांपैकीं कोणताहि रंग दिसला कीं डबा बाद समजावा. ज्याची चिठ्ठी निघून गेली आहे असा अनोळखी डबा तर मुळींच घेऊं नये. रंगाचे, वंगणाचे व फिनेलचे डबेहि याच यादींत घालावेत.

सर्वांत उत्तम म्हणजे खाद्यतेलाचा पंधरा किलोचा चौकोनी पत्र्याचा डबा. पूर्वीं त्यांत काय होतें हें घरांत सर्वांना ठाऊक असतें. त्याखेरीज लागणारें साहित्य असें: सोळा इंच व्यासाची व अडीच इंच काठाची एक परात, एक लहान उथळ वाटी, तीन नटबोल्ट आणि थोडी जाड तार. पत्रा कापण्याची कात्री, पक्कड, कानस, हातोडी व खिळा एवढीं हत्यारें पुरतात. डबा प्रथम सोडा घातलेल्या कढत पाण्यानें धुऊन दोन दिवस उन्हांत वाळवावा. कारण कडेला राहिलेलें तेल खवट होतें व त्याला खाद्य चिकटून कुजतें.

डब्याची वरची बाजू तीन कडांनीं कापावी व चौथ्या कडेवर तशीच ठेवावी, म्हणजे तेंच झांकण होतें. नंतर खालच्या अंगाला, तळाच्या सांध्याला लागूनच, प्रत्येक बाजूस दोन याप्रमाणें एकंदर आठ खिडक्या पाडाव्यात. प्रत्येक खिडकी अडीच इंच रुंद व दीड इंच उंच असावी. ती तळापासून वर सरकूं देऊं नये. सरकल्यास तिच्या खालीं राहिलेलें खाद्य कधींच बाहेर येत नाहीं व तेथें बुरशी धरते. खिडकीचा पत्रा पूर्ण कापून टाकूं नये. दोन उभ्या व खालची आडवी अशा तीनच रेषा कापून पत्र्याची झडप आंत वळवावी. ही झडप हीच पुढें खाद्याचा नळ होय: बारीक दाणा भराभर येऊं लागला तर ती थोडी खालीं दाबावी, भरड दाणा अडूं लागला तर वर उचलावी. कापलेल्या उभ्या कडा पक्कडीनें दुमडून, हातोडीनें ठोकून व कानशीनें घांसून बोथट कराव्यात. कोंबडीचा तुरा व गलोल फार नाजूक असतात. तेथें जखम होऊन रक्त दिसलें कीं इतर कोंबड्या त्याच जागीं चोंची मारूं लागतात.

यानंतर वाटी डब्याच्या तळाशीं मधोमध पालथी ठेवावी आणि वाटी, डबा व परात या तिहींतून एक बोल्ट आरपार घालावा. उरलेले दोन बोल्ट दोन बाजूंस बसवावेत. पालथ्या वाटीमुळें मध्यभागीं उंचवटा तयार होतो व खाद्य आपोआप खिडक्यांकडे घसरतें. डब्याच्या वरच्या भागीं समोरासमोर दोन भोंकें पाडून तार ओवली कीं पात्र तयार झालें. अशा डब्यांत भरडलेलें खाद्य आठ-नऊ किलो मावतें. म्हणजे आठ कोंबड्यांची नऊ दिवसांची बेगमी. डबा चौकोनी व परात गोल असल्यामुळें कोपऱ्यांशीं जागा अरुंद पडते, परंतु खिडक्यांसमोर आठ कोंबड्या एकाच वेळीं उभ्या राहूं शकतात. हें महत्त्वाचें आहे. कारण कोंबड्यांत मानपानाची उतरंड मोठी कडक असते. जागा अपुरी पडली तर खालच्या पायरीवरची कोंबडी मागें ढकलली जाते, आणि भरलेल्या पात्राशेजारीं अर्धपोटीं राहते.

पात्र टांगण्याची उंची हा या कामांतील सर्वांत उपेक्षित भाग आहे. परातीचा काठ उभ्या असलेल्या कोंबडीच्या पाठीच्या रेषेंत असावा. तेवढ्या उंचीवर तिला मान थोडी वर करून खावें लागतें. पाय घालतां येत नाहीं आणि चोंचीनें उडविलेले कण परातींतच पडतात. पडवीच्या कवेलूंखालील आढ्याला दोरी बांधून तिला वीत-वीत अंतरावर गांठी माराव्यात, म्हणजे कोंबड्या वाढतील तसें पात्र वर घेतां येतें. आढें नसेल तर विटा रचून त्यांवर पात्र ठेवावें. मात्र लहान पिल्लांना हें पात्र चालत नाहीं. पहिले दोन दिवस त्यांना कागदावर व नंतर उथळ थाळींत दाणा द्यावा. थाळीवर बारीक जाळीचा तुकडा टाकल्यास पाय घालून उधळण्याची संवय लागत नाहीं.

कोंबडी अंधारांत खात नाहीं, उंदीर मात्र अंधारांतच खातो. म्हणून दिवेलागणीला दोरी ओढून पात्र उंच करावें व झांकण लावून टाकावें. रात्रभर उघडें राहिलेलें पात्र हें उंदरांचें अन्नछत्र होय. आणि उंदरांमागोमाग साप येतो, हें विदर्भांत कोणास सांगावयास नको. दिवसां साळुंक्या, पारवे व कावळे यांनाहि पात्रापासून दूर ठेवावें. भारतांत पाळीव कोंबड्यांमधील बर्ड फ्लू प्रथम आढळला तो महाराष्ट्रांतच, नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें, फेब्रुवारी २००६ मध्यें. आणि लाखों कोंबड्या माराव्या लागल्या. रानपाखरांशीं एका ताटांत जेवण हा अशा रोगांचा एक मार्ग आहे. पात्र पडवीच्या आंत, तीन बाजूंनीं आडोसा असलेल्या जागीं टांगल्यास हा धोका पुष्कळ कमी होतो.

पात्र कितीहि चांगलें असलें तरी त्यांत काय घालावयाचें याचा विवेक हवाच. या जिल्ह्यांत सरकीची ढेप घरोघर सहज मिळते. गाईम्हशी ती आवडीनें खातात, म्हणून कोंबड्यांनाहि द्यावी असें मनांत येतें. परंतु सरकींत गॉसिपॉल नांवाचें द्रव्य असतें. रवंथ करणारें जनावर तें बरेंच पचवूं शकतें. कोंबडीच्या बाबतींत तें बलकांतील लोहाशीं संयोग पावतें व साठविलेल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी पडतो. कच्चें सोयाबीनहि तसेंच देऊं नये. त्यांतील एक द्रव्य प्रथिनांचें पचन रोखतें व उष्णतेनें तें नाहींसें होतें. तेव्हां गिरणींतील भाजलेली सोयाबीन ढेपच योग्य. आणि पेरणीनंतर उरलेलें रंगीत बियाणें, मग तें ज्वारीचें असो वा मक्याचें, चुकूनसुद्धां पात्रांत पडूं देऊं नये. बियाण्याला लावलेल्या थायरम या औषधानें कोंबड्यांचे पाय वांकडे होतात व मऊ कवचाचीं, बेढब अंडीं पडतात. ज्वारी-मक्याची भरड, तुरीची चुणी, भाताचा कोंडा व सोयाबीन ढेप यांचें मिश्रण किंवा बाजारचें तयार खाद्य हेंच ठीक. शिंपल्यांचा चुरा त्यांत न मिसळतां वेगळ्या लहान डब्यांत ठेवावा. एका अंड्याच्या कवचांत सुमारें दोन ग्रॅम कॅल्शियम असतें. जिला अंडें द्यावयाचें ती कोंबडी आपल्या गरजेइतका चुरा स्वतः टिपून घेते.

पावसाळ्यांत नऊ दिवसांचें खाद्य भरण्याचा मोह टाळावा. १९६० सालीं इंग्लंडांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी एकाएकीं मेले. कारण सांपडेना, म्हणून त्या रोगाला प्रथम ‘टर्की एक्स’ असें नांव देण्यांत आलें. पुढें शोध लागला कीं, त्यांच्या खाद्यांतील भुईमुगाच्या ढेपेला बुरशी आली होती व त्या बुरशीनें अफ्लाटॉक्सिन हें विष निर्माण केलें होतें. तें विष डोळ्यांना दिसत नाहीं आणि शिजविल्यानेंहि सहसा नाहींसें होत नाहीं. म्हणून जून ते सप्टेंबर या महिन्यांत दोनच दिवसांचें खाद्य भरावें, आठवड्यांतून एकदां पात्र पूर्ण रिकामें करून, घांसून, उन्हांत वाळवावें आणि गोळे झालेलें किंवा कुबट वास येणारें खाद्य बिनदिक्कत पुरून टाकावें. तें टाकतांना हळहळ वाटणें स्वाभाविक आहे. परंतु आजारी पक्ष्याचा खर्च त्याहून अधिक येतो.

डबा कापण्याची खटपट ज्यांना नको असेल त्यांच्यासाठीं याहूनहि साधा उपाय आहे. चार-पांच इंच जाडीचा बांबू बुरुडाकडून उभा चिरून घ्यावा व दोन्ही टोकांचीं पेरें तशींच ठेवावीत, म्हणजे सुंदर पन्हळ तयार होते. तिच्यावर लांबीच्या दिशेनें एक गोल काठी सैल बसवावी. कोंबडी तिच्यावर चढूं गेली कीं काठी फिरते आणि ती खालीं उतरते. आठ कोंबड्यांस, प्रत्येकीला दहा सेंटिमीटर जागा धरून, दोन्ही बाजूंनीं खातां येईल अशी दीड-दोन फूट लांब पन्हळ पुरते. ती सकाळीं व दुपारीं एक-तृतीयांशच भरावी. हल्लीं चार इंची प्लॅस्टिक नळ भिंतीला उभा लावून त्याच्या खालच्या टोकाला वांकडा सांधा बसविण्याची पद्धतहि रूढ झाली आहे. अख्ख्या दाण्यासाठीं ती चांगली. मात्र पिठूळ खाद्य दमट हवेंत नळांत अडून बसतें. वरून नळ भरलेला दिसतो व खालीं कोंबड्या उपाशी राहतात, म्हणून त्याला रोज थाप मारून पाहणें आवश्यक. पाण्याचें भांडें कोणत्याहि पात्रापासून दोन-तीन हात दूर असावें. कोंबडी खाद्याच्या जवळजवळ दुप्पट पाणी पिते, आणि वैशाखाच्या उन्हांत त्याहून पुष्कळ अधिक. ओल्या चोंचीनें येणारें पाणी पात्रांत पडल्यास खाद्य आंबतें.

पात्र तयार झाल्यावर त्याची परीक्षा घ्यावी. संध्याकाळीं पात्राखालीं एक स्वच्छ पोतें अंथरावें व दुसऱ्या दिवशीं त्याच वेळीं त्यावर सांडलेलें खाद्य झाडून, विष्ठा वेगळी काढून, स्वयंपाकघरांतील काट्यावर तोलावें. आठ कोंबड्यांच्या नऊशें ग्रॅम खाद्यापैकीं तीस ग्रॅमपर्यंत सांडलें असेल तर पात्र उत्तीर्ण समजावें. शंभर ग्रॅमच्या आसपास भरलें तर पात्र दोन बोटें वर घ्यावें आणि झडपा थोड्या खालीं दाबून पुन्हां तोलावें. दोन-तीन दिवसांत आंकडा खाली येतो. घरांतील शाळकरी मुलांकडे हें काम व त्याची वही सोंपवावी. टक्केवारीचें गणित त्यांना यापेक्षां चांगलें दुसऱ्या कशानें समजणार नाहीं. मात्र पहिल्या पानावर, कोणत्याहि आंकड्याच्या आधीं, डबा कशाचा होता हें त्यांनीं स्पष्ट अक्षरांत लिहून ठेवावें. तें पान ज्याला निःशंकपणें लिहितां येईल, त्याच घरच्या अंड्याला खरें स्वस्त म्हणावें.